फाडी आवारात घेतली

९ जानेवारी २०२५, गुरुवार

आज राख सावडली. मोर्णेत विसर्जनाजोगं पाणी नाही, म्हणून गांधीग्रामला पूर्णेवर जावं लागलं. चार माणसं बरोबर होती. जाताना कोणी बोललं नाही, येताना कापसाच्या भावावर बोलले.

भूमी अभिलेख खात्यात तेहतीस वर्षं मोजणीची नोंदवही लिहिली. जागेवर जे दिसलं ते तिथंच शाईनं लिहायचं, खाडाखोड करायची नाही, घरी येऊन सुधारायचं नाही. ही वही तशीच लिहीन. ओळखीचे एक वकील म्हणाले की तारखा लिहून ठेवा, पुढे कामी येतात.

शुभम, माझा एकुलता मुलगा, वय एकोणतीस. सरकारी इमारतींच्या रक्षणासाठी राज्याने जे सुरक्षा दल काढलं आहे त्यात जवान. नेमणूक अमरावतीच्या सरकारी इमारतीच्या फाटकावर. मंगळवारी सात तारखेला सकाळी साडेअकराच्या सुमारास डोक्याला मार लागून गेला. पेपरात दोन ओळी आल्या. 'भाजीवाल्याशी झटापट, सुरक्षा जवानाचा मृत्यू.' पेपर शकुनला दाखवला नाही. आईने मुलाबद्दल असं वाचू नये.

सून हर्षा अमरावतीहून एका पिशवीत आपले कपडे घेऊन आली. रडली नाही. दुपारी चार तास झोपली, उठून पोटभर जेवली आणि पुन्हा झोपली. शकुन म्हणते धक्का बसला आहे. शुभमचं सामान आलं त्यात वर्दीचा पितळी कडीचा पट्टा होता. तो पाहून हर्षा एवढंच म्हणाली, "मामाजी, हा घरात नका ठेवू." आठवण सोसत नसेल. मी तो कपाटात खालच्या खणात ठेवला.

११ जानेवारी, शनिवार

दलाचे अमरावतीचे अधिकारी चंद्रभान साहेब घरी येऊन गेले. जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, पुलापाशी लावून चालत आले. चहा घेतला नाही. सुतकाच्या घरचा घेत नसतील.

त्यांनी कायद्याची प्रत आणली होती. तीन वर्षांपूर्वीचा आहे. त्यांनी समजावून सांगितला, नंतर मी स्वतः दोनदा वाचला. इमारतीत आणि तिच्या आवारात जवानाला झडती घेता येते, माणसाला अडवता येतं, बाहेर काढता येतं, त्यासाठी लागेल तेवढं बळ वापरता येतं. हे त्याने सद्हेतूने केलं असं धरून चालतात, आणि शासनाच्या परवानगीवाचून त्याच्यावर खटला होत नाही. आवाराच्या बाहेर मात्र यातलं काहीच नाही.

"बाहेर आमचा जवान म्हनजे तुमच्या-माझ्यासारखा मानूस," चंद्रभान म्हणाले. "पंजाबरावजी, पोरगा आपलाच होता. पन तो आत पडला का बाहेर, हे कागदावर पायजे. आत पडला तर कर्तव्यावर. बाहेर पडला तर भांडनात."

कर्तव्यावर गेला असेल तर इमारतीच्या दालनात दगडावर नाव कोरतात आणि विधवेला दलात नोकरी मिळते. भांडणात गेला असेल तर फाईल बंद होते आणि तिच्यावर तसंच लिहिलं जातं.

फाटकासमोर उघडी नाली आहे. तिच्यावर जाण्यायेण्यासाठी दगडी फाडी टाकली आहे. शुभम त्या फाडीच्या आसपास पडला, पण फाडीवर की रस्त्यावर ते कोणी सांगत नाही. फाटकावरचा कॅमेरा आतल्या बाजूला तोंड करून आहे. पंचनामा कोणी करायचा यावर शहर पोलीस आणि दल यांची दिवसभर ओढाताण झाली. शेवटी तो दुसऱ्या दिवशी झाला. तोवर तिथे बसणाऱ्या भाजीवालीने पहाटे येऊन त्या जागी सडा घातला होता. पंचनाम्यात रक्ताचा डाग सापडला नाही.

मी विचारलं, तिला अटक का नाही केली? चंद्रभान म्हणाले, सडा घालणं कोणत्या कलमात बसवायचं?

१६ जानेवारी, गुरुवार

दसवा झाला. नदीवर डोकं केलं. वारा लागून दिवसभर डोक्याला गार वाटत होतं.

कुलदीप अमरावतीहून मुद्दाम आला. अकोल्यात माझ्या हाताखाली नऊ वर्षं होता, आता अमरावतीला मोजणीचं काम पाहतो. अजून काका म्हणतो. त्याने बातमी आणली की शुभमशी भांडणारा तो म्हातारा भाजीवाला, खुशालराव, आज सकाळी सरकारी दवाखान्यात वारला. पाच फासळ्या मोडल्या होत्या, एक फुप्फुसात शिरली.

नुसतं पडून पाच फासळ्या कशा मोडतात कोण जाणे. म्हातारपणी हाडं ठिसूळ होतात.

ऐकून मला बरं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण खाडाखोड करायची नाही.

२० जानेवारी, सोमवार

सकाळच्या एसटीने अमरावतीला गेलो. जागा पाहिल्याशिवाय काही कळत नाही, ही जुनी सवय.

फाडी आठ फूट लांब, साडेतीन फूट रुंद. फाटकाच्या खांबाला टेकून बसवलेली. एक कोपरा तुटलेला, कड धारदार. तिथे एक बाई मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि मुळे मांडून बसली होती. वय साठीचं, कपाळ मोकळं. ती सुंदराबाई, खुशालरावांची बायको. नवरा जाऊन चारच दिवस झाले होते.

मी नाव सांगितलं नव्हतं. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"तुमी त्या पोराचे बाप," ती म्हणाली. "नाक तेच हाये. बसा भाऊ. पानी पेता का?"

मी उभाच राहिलो. नवऱ्याचे दिवस झाले नसताना बाजाराला कशी आली म्हणून विचारलं. ती म्हणाली, मेथीले सुतक समजते का? कापली का इकाच लागते. रिद्धपूर रस्त्याला त्यांचा दोन एकर भाजीचा मळा आहे, माळ्याचं घर आहे. तीस वर्षं ती याच फाडीवर बसते. आधी सासू बसायची.

सड्याचं विचारलं. मनात राग होता, पण आवाज खाली ठेवला.

"रोजच घालते," ती म्हणाली. "जागेवर बसाच्या आंधी सडा घालाच लागते, मंग टोपली ठेवाची. त्या दिवशी तं दोघाइचं रक्त होतं भाऊ. त्याच्यावर चितेवर गोवऱ्या ठेवल्यासारखी टोपली ठेवू का? सडा टाकला, वरून हळद-कुंकू टाकलं. जीव गेला होता ना तथी."

मग तिने हाताने जागा दाखवली. फाडीच्या तुटक्या कोपऱ्यापासून वीतभर आत. म्हणजे तो फाडीवरच पडला. रस्त्यावर नाही.

एवढं पुरे होतं. मी उद्या येतो म्हणालो.

२१ जानेवारी, मंगळवार

रात्र बडनेऱ्याला मावसभावाकडे काढून सकाळी पुन्हा गेलो. पिशवीत कोरे कागद आणि शाईचं पॅड होतं. ते माझ्या पिशवीत कायम असतं.

सुंदराबाईने सगळं सांगितलं. त्या दिवशी कोणी मोठे साहेब येणार होते म्हणून सगळ्या भाजीवाल्यांना उठवत होते. त्याच वेळी खुशालराव फाटकाच्या आत नळावर पाण्याची बाटली भरायला गेला. शुभमने त्याला कॉलर धरून ओढत फाडीवर आणलं, पाडलं आणि बुटाने लाथा मारल्या.

"किती?" मी विचारलं. मोजमाप विचारायची सवय.

"मोजल्या नाई भाऊ. मोजाची अक्कल कुठची तवा."

मग खुशालरावाने पडल्या पडल्या त्याचा पाय धरला. शुभम मागे पडला आणि त्याचं डोकं फाडीच्या कडेवर आपटलं.

मी लिहिलं: 'दिनांक ७ जानेवारी रोजी जवान शुभम हे फाटकापाशी आपले काम करीत असताना माझे पती खुशालराव यांनी त्यांचा पाय धरला. त्यामुळे ते नालीवरील फाडीवर पडले व जागीच मरण पावले. जागा मी स्वतः दाखवली आहे.' यातला एकही शब्द खोटा नाही.

तिने वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. तिने मान हलवली.

"हां. तसंच झालं. पन लाता राह्यल्या."

मी म्हणालो, तो भाग पोलिसांच्या दुसऱ्या कागदावर येतो.

"असं व्हय," ती म्हणाली आणि अंगठा दिला. बोट पुसायला मी रुमाल पुढे केला, तर म्हणे कायले खराब करता, आणि पदराला पुसून घेतला. निघताना शकुनसाठी म्हणून सांभाराची जुडी हातात कोंबली. मी नको म्हणालो तर म्हणाली, "घरी बुढी अशीन ना. ती बी माया सारखीच बसली अशीन."

एसटीत मूर्तिजापूरपर्यंत सांभाराचा वास येत होता. पुलापाशी उतरल्यावर एका बाईला देऊन टाकली.

२८ जानेवारी, मंगळवार

चंद्रभान साहेबांना कागद आवडला, पण तो अर्धाच उपयोगाचा आहे. फाडी म्हणजे आवार आहे हे कुठे लिहिलं आहे? कायद्यात आवाराची व्याख्या आहे: भिंतीच्या आतली जागा, फाटक, आणि जाण्यायेण्यासाठी सरकारी खर्चाने बांधलेली जी जागा मोजणीत इमारतीच्या नावे दाखल आहे ती. फाडी सरकारी खर्चाची आहे. मोजणीत मात्र ती रस्त्यात आहे.

"मोजनी तुमचाच प्रांत," चंद्रभान म्हणाले.

आज कुलदीपला घरी जाऊन भेटलो. नकाशा काढायला लावला. समोरचा हद्दीचा दगड रस्तारुंदीत गेला. दगड नसला की आपण दोन पक्क्या खुणांपैकी एकीवरून रेषा बांधतो. या इमारतीची मोजणी आवारातल्या जुन्या विहिरीवरून झाली आहे. दुसरी खूण म्हणजे बंद पडलेल्या जकात नाक्याचा ओटा. त्या ओट्याची जागा जुन्या नकाशात थोडी सरकलेली आहे, हे खात्यात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्यावरून कोणी मोजत नाही. तिथून मोजलं तर रेषा चार फूट बाहेर येते.

कुलदीप हसला. "काका, विहीर शाबूत हाये. शाबूत खून सोडून सरकलेल्या खुनेवरून कोनी मोजते काय? तुमीच आमाले याच्यासाठी शिव्या देत होते."

मी त्याला मूर्तिजापूरच्या मोजणीची आठवण करून दिली. बारा वर्षांपूर्वी त्याने एका गटाची हद्द चुकवली होती. त्याची नोकरी जाणार होती. ती वही मी माझ्या सहीने सुधारली होती. आयुष्यात एकदाच खाडाखोड केली, ती त्याच्यासाठी.

त्याची बायको आरती आतून ऐकत होती. त्याने उठून मधलं दार लावलं. मग म्हणाला, "विहीर बुजली असं लिवावं लागन."

मी म्हणालो, विहिरीवर जाळी आहे, जाळीवर पाला साचला आहे. वरून दिसत नाही एवढं लिही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दलाने अतितातडीची मोजणी मागितली होती. आज झाली. मी हजर राहणं बरोबर नव्हतं, तरी रस्त्याच्या पलीकडे चहाच्या टपरीवर बसलो होतो.

हल्ली यंत्राने मोजतात, पण फाडीची लांबी-रुंदी कुलदीपने टेपनेच घेतली. त्याच्याबरोबरचा माणूस पानटपरीवर गेला होता. कुलदीपने इकडे तिकडे पाहिलं, तर सुंदराबाई स्वतःच उठली. टोपल्या बाजूला घेतल्या आणि टेपचं टोक फाडीच्या कोपऱ्यावर दाबून धरलं. "इथं का साहेब? अजून पुढं घेऊ?" असं विचारत होती. एवढं मला पलीकडून ऐकू आलं.

कुलदीप नंतर टपरीवर आला नाही. सरळ गाडीवर बसून गेला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चंद्रभान साहेबांचा फोन आला. नवी मोजणी दाखल झाली. फाडी आवारात घेतली. अहवाल वर गेला, त्यात लिहिलं आहे की जवान शुभम हे आवारात कर्तव्य बजावत असताना खुशालराव यांनी सरकारी कामात अडथळा आणला आणि त्यामुळे जवानाचा मृत्यू झाला. 'कर्तव्यावर' हा शब्द मी त्यांना दोनदा वाचायला लावला.

शकुनला सांगितलं. तिने देवापुढे साखर ठेवली.

संध्याकाळी हर्षाचा नोकरीचा अर्ज भरला. सहीसाठी कागद पुढे केला तर ती म्हणाली, "मले ती वर्दी नको मामाजी." मी म्हणालो, लगेच नाही घालायची, चार-सहा महिने लागतील. तिने सही केली नाही. पोळ्या करायला उठून गेली. दुःख ताजं आहे. सहीची जागा मोकळी ठेवून बाकीचं सगळं भरून ठेवलं आहे.

११ मार्च, मंगळवार

कुलदीप फोन उचलत नाही. होळीला ये म्हणून निरोप ठेवला.

१७ एप्रिल, गुरुवार

ऊन फार आहे. अकोल्यात चव्वेचाळीसच्या वर गेलं.

दुपारी बाराच्या सुमारास सुंदराबाई दारात उभी. पत्ता विचारत विचारत आली होती, पायात चप्पल नव्हती. एसटीत चोरीला गेली म्हणाली. पिशवीत वांगी. उंबऱ्याच्या आत आली नाही, सावलीला टेकून बसली.

"भाऊ, तुमी शिकलेले," ती म्हणाली. "माया एक अर्ज लिवून द्या."

गेला दीड महिना जवान तिला रोज फाडीवरून उठवतात. फाडी आता आवारात आहे म्हणतात. तिला ते समजत नाही.

"तीस वर्सं बाहेर होती ती फाडी. चालत तं गेली नाई. आत नेली कोनं?"

"मोजणीत निघाली," मी म्हणालो.

"मंग मी बी मोजनीत आत निंगाली अशीन. मले बी एक वर्दी देऊन टाका म्हना," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

मग दुसरी गोष्ट सांगितली. तिचा जावई लाथांची तक्रार घेऊन पोलिसात गेला होता. पोलिसांनी तिच्याच अंगठ्याचा कागद दाखवला आणि विचारलं, यात लाथा कुठे आहेत? शिवाय जागा आवारातली आहे, तिथे जवानाचं काम सद्हेतूने धरतात, शासनाने परवानगी दिल्याशिवाय काही करता येत नाही, आणि मेलेल्या जवानावर परवानगी कोण मागणार? जावयाने नाद सोडला.

"तो दुसरा कागद कुठी हाय भाऊ?" ती म्हणाली. "लातांचा. तो भेटला तं मी सोता घेऊन जाईन."

हर्षा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली होती. मी बोलायच्या आत ती बोलली.

"दुसरा कागद नव्हताच, काकू. यायनं लिवलाच नाई."

सुंदराबाईने तांब्या घेतला, पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, तांब्या पालथा घातला.

"मले वाटलं ज्याचं लेकरू गेलं तो मानूस खोटं लिवनार नाई," ती म्हणाली.

मी म्हणालो की कागदात एकही शब्द खोटा नाही. अर्ज मी आत्ताही लिहून देतो. तिने ऐकलं की नाही कोण जाणे. भिंतीला हात टेकत उठली आणि गेली. रस्ता तापलेला होता, ती कडेकडेच्या सावलीतून पाय टाकत होती. वांगी राहिली.

हर्षाला मी रागावलो नाही. एवढंच समजावलं की तिची नोकरी त्याच कागदावर उभी आहे. ती म्हणाली, मले नाई पाहिजे. मी म्हणालो, बरं, मग कुठे जाशील ते सांग. वडील नाहीत. भावाच्या दोन खोल्यांत त्याचीच चार माणसं आहेत, आणि वहिनीने जानेवारीतच कळवलं होतं की आठ दिवसांच्या वर ठेवता येणार नाही. आम्ही म्हातारी माणसं किती दिवस पुरणार.

 तिने राहिलेली वांगी उचलून आत नेऊन ठेवली. मग मी फॉर्म आणून ठेवला आणि तिने सही केली. सही करताना कागदाकडे पाहिलंही नाही, तरी रेषेवर बरोबर आली.

१ मे, गुरुवार

आज झेंडावंदनानंतर दालनातला दगड उघडला. काळा दगड, अक्षरं सोनेरी. शुभमचं नाव तिसरं आहे. पहिल्या अक्षराचा उकार जरा फेंगडा आला आहे, पण आता बदलता येत नाही. चंद्रभान साहेब बोलताना म्हणाले की या फाटकाची रेषा त्याने रक्ताने आखली. टाळ्या पडल्या. कुलदीपला बोलावलं होतं, आला नाही.

शकुनही बरोबर आली होती. घरी आल्यावर लुगडं बदलायच्या आधी तिने मला विचारलं.

"शुभमनं त्या बुढ्याले लाता मारल्या का?"

"तो आवारात होता," मी म्हणालो.

"मी ते नाई इचारलं."

मी तिला कलम समजावलं. आवारात जवान जे बळ वापरतो ते लागेल तेवढंच वापरलं असं धरतात. हेतू चांगलाच धरतात.

"कोनाचा?"

"जवानाचा. कलमात त्याचाच उल्लेख आहे."

"आन बुढ्याचा?"

म्हाताऱ्याच्या हेतूबद्दल कायद्यात काही नाही. मी तसं सांगितलं. ती मग कपाट उघडून बसली. खालच्या खणातला पट्टा काढला, मांडीवर घेतला, कडी हातात धरून वजन केल्यासारखी वरखाली केली आणि हर्षा जिथे निजते त्या खोलीच्या दाराकडे पाहत राहिली. मी विचारलं काय झालं. म्हणाली, काही नाही, जड हाये.

रात्री तिने हर्षाला जवळ बसून हाताने वाढलं. चांगलं आहे. घरात माया हवी.

२ जून, सोमवार

हर्षा आज रुजू झाली. त्याच इमारतीवर, त्याच फाटकावर. चंद्रभान साहेबांनी आपणहून तशी सोय केली. म्हणाले, लोकांना दिसलं पाहिजे. प्रशिक्षण पुढच्या महिन्यात नागपूरला आहे, तोवर कामावरच शिकायचं. वर्दी कमरेत सैल होते. शकुन स्टँडवर आली नाही, घराच्या दारातूनच मागे वळली.

५ जून, गुरुवार

हर्षाचे काही दाखले द्यायचे राहिले होते म्हणून अमरावतीला गेलो. फाटकात जायच्या आधी पलीकडच्या टपरीवर चहा सांगितला.

सुंदराबाई फाडीवर बसली होती. चवळीच्या शेंगा आणि पालक. जवान रोज उठवतात, ती तासाभराने परत येऊन बसते. टपरीवाला म्हणाला की आता ही मजाच होऊन गेली आहे, जवान पैज लावतात की आज किती वेळा येते.

फाटकात चंद्रभान साहेब कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्यापुढे हर्षा. ते म्हणाले, "पाहू द्या ताई तुमचं काम." आजूबाजूचे दोन-तीन जवान हसले.

हर्षा फाडीवर आली. टोपली उचलली, रस्त्याच्या पलीकडे कडुलिंबाखाली माझ्यापासून दहा पावलांवर नेऊन ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. परत गेली. सुंदराबाई टोपलीवाचून तशीच बसून राहिली.

"काकू, उठा."

"तूच सांगतलं होतं ना मले," सुंदराबाई म्हणाली, "दुसरा कागद नव्हता म्हनून. घरात सगळे गप होते, तू बोलली. मंग तू नको उठवू. त्याईले उठवू दे, मी उठते."

हर्षाने मागे वळून फाटकाकडे पाहिलं. चंद्रभान साहेब वाट पाहत होते. एक जवान घड्याळात पाहत होता.

मग ती वाकली. दोन बोटं आणि अंगठा एवढ्यानेच सुंदराबाईचा दंड धरला, कोपराच्या जरा वर, आतल्या बाजूला, आणि अंगठा किंचित फिरवला. सुंदराबाई ताडकन उभी राहिली. तोंड उघडलं होतं, पण आवाज निघाला नाही. हर्षाने तिला तशीच धरून रस्ता ओलांडून आणलं. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की लेक आईला आधार देत आहे. फाटकाशी रांगेत उभ्या असलेल्या कोणी मान वर केली नाही. कडुलिंबाखाली सोडलं तेव्हा सुंदराबाई खाली बसली, दंड पोटाशी धरून, आणि पुन्हा उठली नाही. हर्षा फाडीवर जाऊन सावधान उभी राहिली.

चंद्रभान साहेब नंतर मला म्हणाले की अशी पकड त्यांच्या जुन्या जवानांना येत नाही. फक्त शुभमला येत होती. निशाण उठत नाही, आणि माणूस ओरडत नाही.

प्रशिक्षण तर अजून व्हायचं आहे. तीन दिवसांत तिला हे कोणी शिकवलं, ते मला कळलं नाही.

टपरीवाल्याने विचारलं, नवी बाई कोण हाये? मी सांगितलं, माझी सून आहे.